जीव ज्याचा, बोट त्याचं

माझे सासरे दरवर्षी चौदा एप्रिलला आमच्या नाचणगावच्या विहारापुढे भाषण करतात. वीस मिनिटांचं. आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नाही. भाषणाचा मधला भाग बायकांसाठी राखीव असतो. "गळ्यातलं मंगळसूत्र म्हणजे दावं! पायातले जोडवे म्हणजे बेडी! आपण माणसात आलो, आन आपल्या बाया अजून गोठ्यातल्या गाईवानी खूण बांधून फिरून राह्यल्या!" असं ते गरजतात आणि समोरच्या बाया टाळ्या वाजवतात. टाळ्यांबरोबर सगळ्यांच्या बांगड्या वाजतात. पहिल्या रांगेत माझी सासू तानाबाई बसलेली असते. दोन्ही पायांत जोडवे, गळ्यात काळ्या मण्यांची गरसोळी, मधोमध सोन्याचं अशोकचक्र. सगळ्यात जोरात टाळ्या तिच्याच.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. या एप्रिलात भाषण आटोपून मामाजी घरी आले तेव्हा आत्याबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "आज भल्लं बोलले. थे बेडीवालं त मले लयच आवडलं."

"मंग काढत काऊन नाई तू?" मामाजी चिडले.

"तुमचं भाषण वीस मिन्टाचं. माहे जोडवे चव्वेचाळीस वर्षांचे. कोणाचा मान मोठा?"

मामाजींनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत बसले. दरवर्षीचं आहे हे.

मी स्वतः काही फार मोठी लागून गेले नाही. माझा नवरा प्रफुल्ल चाकणला कंपनीत आहे, महिन्यातून एकदा येतो. मी घरात पोत काढून खुंटीला अडकवते आणि वर्ध्याच्या बसमध्ये चढताना घालते. ती प्रफुल्लसाठी नसते, बाजूला बसणाऱ्याच्या कोपरासाठी असते. काळे मणी दिसले की कोपर जागेवर राहतं. बाई नाही म्हणते हे त्या कोपराला कळत नाही. बाईवर दुसऱ्या पुरुषाची पाटी आहे हे मात्र लांबून कळतं. आणि प्रफुल्लच्या अंगावर पाटी कुठे आहे? त्याला तिकडे कोणी विचारलंच तर त्यानं तोंडानं सांगायचं. त्यानं सांगितलं असेल असं मी धरून चालते.

तर आत्याबाईंचा पाय.

सुरुवातीला आम्ही हसलो. रस्त्यानं चालताना आत्याबाईंची डावी चप्पल मागे राहायची आणि त्या पुढे निघून जायच्या. शेजारच्या गुलाबनं तीनदा चप्पल घरी आणून दिली. "मावशी, पोलीस ठाण्यात जमा करू का आता?" म्हणायची. आत्याबाईही हसायच्या. मग एका सकाळी चुलीतला निखारा त्यांच्या डाव्या पायावर पडला. त्या भाकर थापत राहिल्या. वास आला तेव्हा मी धावले. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सरिता, मले कळलंच नाई वो," म्हणाल्या. त्या दिवसापासून कोणी हसलं नाही.

वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं पायाच्या तळव्यावर सुई टोचून पाहिली, अंगठा वर उचलायला सांगितला. अंगठा उचलला गेला नाही. कमरेत नस दबली आहे म्हणाले, एमआरआय काढा, त्याशिवाय औषध ठरवता येत नाही, आणि फार दिवस घालवले तर पाय कायमचा असा लोंबता राहील. तारीख मिळाली मे महिन्यातल्या एका गुरुवारची, सकाळी साडेअकराची. सोबत एक कागद दिला. अंगावर कोणताही धातू नको.

बुधवारी दुपारी आम्ही आत्याबाईंचे दागिने उतरवायला बसलो. कानातलं निघालं, बांगड्या निघाल्या. गरसोळी त्यांनी डोक्यावरून काढली आणि मामाजींच्या हातात दिली. मामाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटन लावलं. मी पाहिलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

जोडवे मात्र निघेनात. बोटं सुजलेली, चांदी रुतून बसलेली. साबण लावला, खोबरेल तेल लावलं. गुलाब आली, तिनं बोटाला दोरा गुंडाळून पाहिला. दोन्ही हातांनी ओढता ओढता ती म्हणाली, "मावशी, काकानं तुले भल्लंच घट्ट धरून ठेवलं वो!"

"यायनं कायचं धरलं," आत्याबाई म्हणाल्या. "माह्या सासूनं घातले. तवा हे लाजून तिकडं भिताडाकडं तोंड करून उभे होते."

"काका, तुमी लाजत होते?"

एरवी असल्या ठिकाणी मामाजींना पाच मिनिटं तरी बोलायला लागतं. त्या दिवशी ते नुसते उठून आत गेले आणि जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक घेऊन आले. आत्याबाईंच्या पायाशी उकिडवे बसले. चुंबक जोडव्याला लावलं, सोडलं. चुंबक खाली पडलं. दुसऱ्या जोडव्याला लावलं, तिथूनही पडलं.

"पाह्यलं?" ते उभे राहिले. आता आवाज परत आला होता. "चांदी चुंबकाले चिकटत नाई. थे मशीन म्हणजे मोठं चुंबक. मंग जोडव्याचा त्या मशीनले त्रास काय? राहू द्या तसेच."

"मामाजी, पण कागदावर लिवलं हाय," मी म्हटलं.

"कागद अडाण्यासाठी असते, सरिता. आपण विज्ञानवादी लोकं."

इतक्या वर्षांत जो माणूस ते जोडवे काढ म्हणून बायकोच्या मागे लागला, तोच ते राहू दे म्हणून चुंबक घेऊन बसला होता. आणि मला त्यात काही खटकलं नाही. विज्ञान म्हटलं की मीही मान डोलवते. माझीच चूक.

गुरुवारी गावातल्या अंकुशच्या ऑटोनं गेलो. वेळेच्या आधी पोचलो. एमआरआयच्या दारात रक्षा नावाची मुलगी होती, निळे कपडे, गळ्यात ओळखपत्र. तिनं आत्याबाईंना चाकाच्या खुर्चीवर बसवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पायावर येऊन थांबली.

"हे काढलं नाही का?"

मामाजींनी खिशातून चुंबक काढलं. हो, सोबत आणलं होतं. रक्षा दोन पावलं मागे सरली. "आजोबा, ते आधी बाहेर ठेवा!"

"म्याडम, पाहून त घ्या, चांदी चिकटत नाई."

"चांदी चिकटत नाही हे मलाही माहीत आहे. पण बाजारातल्या जोडव्यात काय काय मिसळलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे का? आत तापलं तर? आणि आजींना त्या पायाला चटका कळणार तरी आहे का?"

विज्ञानवादी माणूस चुंबक बाहेर बाकावर ठेवून आला. मला तो निखारा आठवला.

"गेटसमोर सोनार आहे," रक्षा म्हणाली. "रोज कोणी ना कोणी जातंच. कापून आणा. तुमच्या मागच्यांना आधी घेते, तुम्हाला पाऊण तास देते. तोवर नाही आलात तर पुढची तारीख पाच जून."

"पाच जून चालन," मामाजी म्हणाले.

मी वळून पाहिलं. आत्याबाईंनीही मान वर केली.

"चालन?" मी म्हटलं. "आत्याबाईले पाय उचलता येत नाई आन तुमाले चालन?"

"तसं नाई, पण घाई कायले? माह्या मायनं घातलेली वस्तू हाय. चव्वेचाळीस वर्षांची. अशी कचकन कापाची म्हणजे..."

"मायची आठवण होती त तिले बेडी काऊन म्हणत होते दरसाल?"

सासऱ्याशी मी अशी कधी बोलले नव्हते. पण त्यांना महिनाभर थांबायला काहीच त्रास नव्हता, कारण पाय त्यांचा नव्हता. या एवढ्याशा गोष्टीचा मला संताप येतो. घरोघरी हेच दिसतं. बाईच्या दुखण्याची तारीख पुढे ढकलायला पुरुषाला नेहमीच एखादं मोठं कारण सापडतं.

आत्याबाईंनी भांडण केलं नाही. फक्त म्हणाल्या, "सरिते, खुर्ची ढकल."

सोनाराचं दुकान एवढंसं होतं. प्रभाकरराव नावाचे म्हातारे गृहस्थ गादीवर बसले होते. त्यांनी खाली उतरून आत्याबाईंचा पाय स्टुलावर घेतला, डोळ्याला भिंग लावून पाहिलं, मग भिंगातूनच मामाजींकडे पाहिलं.

"हे मालक का?"

"मालक नाई," आत्याबाई म्हणाल्या. "नवरा."

प्रभाकरराव हसले. "कापून देतो, बाई. पण आमच्या दुकानाची एक रीत आहे. सवाशिणीचं बोट मोकळं नाही ठेवत आम्ही. आधी नवं घालतो, मग जुनं कापतो. कासार नाही का, बांगड्या भरताना एक जुनी हातात राहू देतो, नवी चढली की मगच ती काढतो. तसं."

"आत काहीच धातू चालत नाई," मी सांगितलं.

"मग धागा बांधा. जुनं कापायच्या आधी धागा. बाया बांधतात हळदीचा."

"हाव हाव, धागा!" मामाजी एकदम पुढे आले. "रीत असन त पाळा लागते. दुकान त्यायचं हाय." आणि मी पाहतच राहिले. त्यांच्या मनगटावर विहारातल्या परित्राणपाठाचा पांढरा धागा होता, भंतेजींनी बांधलेला. ते तो दातांनी सोडायला लागले.

आत्याबाई खुर्चीत ताठ झाल्या. "काय करून राह्यले तुमी?"

"धागा..." मामाजींच्या तोंडात गाठ होती.

"भंतेजीनं बांधलेला धागा माह्या पायाले बांधता? डोकसं जाग्यावर हाय का?"

मामाजी तसेच थांबले. मनगट तोंडाशी, गाठ दातात, डोळे मोठे. मला हसू आलं, आणि ते आवरलं नाही. मोठ्यानं हसले. मग हसता हसता लक्षात आलं. चुंबक, पाच जून, बटन लावलेला खिसा.

"मामाजी," मी म्हटलं, "तुमाले भेव लागून राह्यलं काय?"

"मले? कायचं भेव?" त्यांनी मनगट खाली घेतलं. "मी बत्तीस वर्षं एस.टी.त काढले. मले कायचं भेव?" पण हात गरसोळीच्या खिशावर गेला होता.

"दोन वर्षांमागं," ते आत्याबाईंकडे न पाहता बोलायला लागले, "मले इथंच आणलं होतं ना. छातीत दुखलं तवा. त्या दिवशी सकाळी नळावर तुही गरसोळी तुटली होती."

"हाव, तुटली होती."

"मणी सांडले. तू म्हणलं संध्याकाळी ओवतो. मीच वेचले सगळे, वाटीत ठेवले. आन संध्याकाळ व्हाच्या आत माह्या छातीत..."

आत्याबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "हे तुमी दोन वर्षं मनात ठेवलं?"

"मले माईत हाय खोटं हाय. मी लोकायले सांगतो खोटं हाय म्हणून. मले सगळं माईत हाय." मामाजींचा आवाज, तो मंडपाच्या टोकाला पोचणारा आवाज, समोरच्या गादीपर्यंतसुद्धा नीट पोचत नव्हता. "पण या छातीले माईत नाई ना."

मला वाटलं आत्याबाई आता विरघळतील. म्हणतील, राहू द्या, नाही कापत. आमच्याकडच्या बाया इथेच हरतात. नवरा ओरडला तर निभावतात, नवरा घाबरला की संपलं.

आत्याबाई खुर्चीत पुढे झुकल्या. "तुमच्या छातीत डॉक्टरनं काय टाकलं तवा?"

"दोन छल्ले. स्टेंट."

"त्या छल्ल्यानं वाचले, का माह्या मण्यानं?"

"छल्ल्यानं."

"मंग माह्या पायाले डॉक्टर पाह्यजे का जोडवं?"

"डॉक्टर."

"थे दोन छल्ले तुमच्या छातीत घातले, थे कोणाच्या नावानं घातले? माह्या?"

मामाजींनी मान हलवली. नाही.

"माह्या जिवासाठी तुमच्या अंगावर काय हाय? दाखवा बरं. मी मेली त तुमचं काय काढतीन लोकं? घड्याळ? चष्मा?" त्या प्रभाकररावांकडे वळल्या. "पाहा हो तुमी, यायच्या अंगावर काढाले काई सापडते का?"

प्रभाकररावांनी खरंच भिंगातून मामाजींना पाहिलं. "पेन आहे एक," ते म्हणाले.

"थो बी कंपनीच्या जाहिरातीचा," आत्याबाई म्हणाल्या. "आन गंमत पाहा. ज्या बोटात यायचा जीव अडकला, थे बोट मले लागतच नाई. मले त्या जोडव्याचं काई कळत नाई. त्याचं दुखणं यायलेच होऊन राह्यलं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमची रीत काय म्हणले? आधी नवं घालाचं, मंग जुनं कापाचं?"

"हो."

"मंग जोडी दाखवा. मोठ्या मापाची."

"आत चालत नाही म्हणता ना?"

"माह्यासाठी नाई. यायच्यासाठी." आत्याबाईंनी बोट मामाजींच्या पायाकडे केलं. "जीव ज्याचा, बोट त्याचं. काढा चप्पल."

प्रभाकररावांच्या हातातून भिंग पडता पडता राहिलं. "बाई, वडलांच्या वेळेपासून हे दुकान आहे. पुरुषाच्या पायात..."

"नाई घालाचं म्हणून लिवलं हाय का कुठं?"

प्रभाकररावांनी थोडा वेळ खरोखर विचार केला. "लिहिलेलं तर नाही," ते म्हणाले, आणि कपाटातून डबी काढली.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. सून म्हणून मी मध्ये पडेन असं त्यांना वाटलं असावं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मामाजी, पंचवीस मिनिटं राह्यले," म्हटलं.

त्यांनी चप्पल काढली. चांगला लांब, केसाळ पाय. अंगठ्याशेजारच्या बोटात प्रभाकररावांनी जोडवं सरकवलं, दाबून बसवलं. मग दुसऱ्या पायात. मामाजींनी तोंड वाकडं केलं.

"रुतते का?" आत्याबाईंनी विचारलं.

"थोडंसं."

"पहिल्या दिवशी मले बी रुतलं होतं. मले कोणी इचारलं नाई."

मग प्रभाकररावांनी कातर घेतली. डाव्या पायाचं जोडवं कापताना आत्याबाई रस्त्यावरचा रसवंतीचा गाडा पाहत होत्या, त्यांना काही कळलंच नाही. उजव्याच्या वेळी 'स्स' केलं. दोन्ही बोटांवर पांढरे पट्टे उरले, चव्वेचाळीस वर्षं ऊन न लागलेले. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाह्यजो सरिता, तेवढं तेवढं अजून पोरीचं हाय."

आम्ही वेळेत पोचलो. मामाजी खुर्ची ढकलत होते, चालताना पाऊल जरा उचलून टाकत होते. रक्षानं आत्याबाईंचे पाय पाहिले, ठीक म्हणाली, मग तिची नजर मामाजींच्या चपलेतल्या बोटांवर गेली. तिनं दार लावून घेतलं. दारामागे तिला खोकला आला, तो खोकला नव्हता.

बाकावर आम्ही दोघं बसलो. आतून मशीनचा ठक ठक ठक आवाज येत होता. मामाजींनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवली होती. नाडी मोजत होते. अधूनमधून पायाकडे पाहत होते, मग पुन्हा मनगटाकडे. मला राग यायला हवा होता. थोडा होताही. पण त्या मोठ्या अंगाच्या माणसाला असं दोन चांदीच्या कड्यांच्या भरवशावर बसलेलं पाहून मी त्यांना पाणी आणून दिलं.

तेवढ्यात समोरून बंडूजी आले. बंडूजी आमच्या विहार समितीचे सचिव. त्यांचा भाचा वरच्या मजल्यावर भरती होता. "जयभीम कवडूजी, तुमी इकडं?" म्हणत ते बाकावर बसले आणि बसता बसता त्यांची मान खाली गेली. खालीच राहिली.

"कवडूजी, हे पायात काय?"

मी पदर तोंडाला लावला. मामाजींनी पाय बाकाखाली ओढले.

"ॲक्युप्रेशर," ते म्हणाले.

"असं?"

"हार्टसाठी हाय. या बोटाची नस डायरेक्ट वर जाते."

"मंग बीपीले बी चालन का?"

"बीपीले?" मामाजींनी छताकडे पाहिलं. "बीपीले त भल्लंच चालन."

"कुठून घेतलं?"

मामाजींनी बोटानं गेटकडे दाखवलं. बंडूजी भाच्याला भेटायचं सोडून आधी तिकडे गेले. मी शपथेवर सांगते.

पाऊण तासानं दार उघडलं. रक्षानं खुर्ची बाहेर ढकलली. आत्याबाईंचे केस विस्कटलेले, कानात कापूस. तो काढत त्यांनी मलाच विचारलं, "हायेत का?"

"हायेत," मी म्हटलं.

"हाव, हाय मी," मामाजी उभे राहून म्हणाले, हजेरी द्यावी तसे.

"मंग चला. भूक लागली मले."

ऑटोत बसल्यावर मामाजींनी हळूच विचारलं, "आता काढू ना हे? झालं ना तुहं काम?"

"कायले? घालून तुमाले काई झालं का?"

"नाई झालं."

"मंग आता माह्या पायासाठी घाला. मी चव्वेचाळीस वर्षं तुमच्या जिवासाठी घातले. तुमी माहा पाय धड होईपर्यंत घाला."

"अवो, पण जोडव्यानं पाय कसा धड होईन? हे त निव्वळ अंध..." आणि मामाजींनी जीभ चावली. समोर अंकुशचे खांदे हलत होते.

रिपोर्ट आला. मणक्यातली गादी सरकली होती, नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आणखी महिना गेला असता तर कापाकापीशिवाय इलाज नव्हता. आता औषध, पट्टा आणि व्यायाम. नस सुटली तर दीड-दोन महिन्यांत बोटांत जाणीव यायला लागेल. नाही आली तर मग ऑपरेशनचं पाहू. मी 'आणखी महिना' हे शब्द मामाजींना घरी येईपर्यंत तीनदा ऐकवले. त्यांनी तिन्ही वेळा ऐकून घेतले.

आणि घातले हो त्यांनी. काढता आले असते, अजून रुतून बसले नव्हते, पण काढले नाहीत. सेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात, आमच्या पुलगाव-नाचणगावचे कुत्रेसुद्धा नालीत जाऊन बसतात त्या दिवसांत, मामाजी पायात मोजे घालून चौकात जायचे. गुलाबला दोन दिवसांत कळलं. "काका, थंडी वाजते का?" रोज विचारायची. बंडूजी मात्र जोडवे दाखवत उघड्या पायानं फिरत होते. भेटले की म्हणायचे, "कवडूजी, वरचं बीपी दहानं उतरलं!" मामाजींना धड हसताही येत नव्हतं आणि खरं सांगताही येत नव्हतं.

आत्याबाईंचे पाय मोकळेच राहिले. गरसोळी त्यांनी परत घातली. अशोकचक्र त्यांना आवडतं, बाकी काही नाही, असं म्हणाल्या. पण पाय मोकळे पाहून गल्लीतल्या बायांना राहवेना. एक म्हातारी, नाव नाही घेत, अंगणात येऊन बसली आणि पायाकडे पाहून म्हणाली, "कसं वो तानाबाई, ज्याच्या नावानं घालाचे थो त हाय ना अजून?"

"हाय ना," आत्याबाई तूर निवडत म्हणाल्या. "त्याच्याच पायात हायेत."

म्हातारीला वाटलं आजारपणानं हिचं डोकं हललं. चार घरी तसं सांगूनही आली.

रोज सकाळी मी आत्याबाईंच्या डाव्या पायाशी काडीपेटीतली काडी घेऊन बसायची. डॉक्टरनंच सांगितलं होतं. त्यांनी डोळे मिटायचे, मी एकेका बोटावरून काडी फिरवायची.

"लागलं?"

"नाई."

"आता?"

"नाई वो."

मे संपला. पाच जून आला आणि गेला. त्या दिवशी मामाजी सकाळपासून घरात कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. 'लागलं?' 'नाई.' आत्याबाई व्यायाम करताना दात आवळून धरायच्या, पण एकदाही कंटाळल्या नाहीत. रात्री अंथरुणावर पडून त्या पाय वर करून बघायच्या, एखाद्या दुसऱ्याच्या वस्तूकडे बघावं तशा. मी प्रफुल्लला फोनवर ऑपरेशनचं विचारून ठेवलं.

एके सकाळी काडी फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "थांब."

मी थांबले.

"पुन्ना कर. थेच."

तेच बोट होतं. पांढरा पट्टा उन्हानं आता थोडा रापला होता. मी काडी पुन्हा फिरवली, अगदी हलकी, मुद्दाम हलकी. मग काडी उचलली आणि नुसतंच विचारलं, "आता?"

"आता नाई. आता तू उचलली." त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी यायला लागलं. "मंघाशी लागलं होतं. मुंगी चालल्यावानी."

मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिले.

आतल्या खोलीतून मामाजी दारात आले. एका पायात मोजा, दुसरा हातात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत्याबाईंच्या बोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या. खाली बसले आणि हळूच, अगदी परवानगी मागितल्यासारखं विचारलं, "मंग काढू का आता?"

आत्याबाईंनी एक डोळा उघडला.

"घाई काऊन करता?" त्या म्हणाल्या. "चार बोटं राह्यले अजून."